कोपऱ्यातली हातगाडी : गिरगाव-काळबादेवीच्या छायाचित्रांतील वाहतूक (थ्रेड)

३१ मार्च १९६४. रात्री बोरीबंदरहून दादरकडे मुंबईची अखेरची ट्राम निघाली. डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती आणि तिला निरोप देण्यासाठी रस्त्याच्या दुतर्फा माणसे उभी होती. त्यानंतर एकोणसाठ वर्षांनी, १५ सप्टेंबर २०२३ रोजी, अंधेरीत ‘बेस्ट’ची अखेरची डिझेल डबलडेकर धावली. तिला हार घातले गेले आणि गर्दीत जितकी माणसे होती जवळजवळ तितकेच मोबाइल वर झाले.

या दोन दिवसांची छायाचित्रे आजही समाजमाध्यमांवर दर वर्षी फिरतात. ‘गेली ती मुंबई’ असा मथळा त्यांच्यावर असतो. मात्र त्या दोन्ही दिवशी कॅमेऱ्याच्या चौकटीत गिरगाव नव्हते. ज्या वस्तीच्या अंगणातून मुंबईची ट्राम पहिल्याच दिवशी धावली, तिच्या रस्त्यावरून ट्राम नेमकी कधी नाहीशी झाली, हे तिथल्या जुन्या रहिवाशालाही तारखेनिशी सहसा सांगता येत नाही.

असे का झाले, हा या थ्रेडचा विषय आहे. कॅमेरा वाहनाकडे केव्हा वळतो, आणि मधली नव्वद वर्षे तो कुठे पाहत असतो?

आधी भूगोल. धोबीतलावापासून दोन रस्ते फुटतात. एक काळबादेवीवरून पायधुनीकडे जातो. दुसरा, म्हणजे पूर्वीचा गिरगाव रस्ता आणि आजचा जगन्नाथ शंकरशेट मार्ग, ठाकूरद्वारावरून प्रार्थना समाजाच्या दिशेने जातो. या दोहोंच्या मध्ये आणि भोवती भुलेश्वर, सी. पी. टँक, फणसवाडी, झावबावाडी, मुगभाट, खोताची वाडी अशा वाड्या आणि बाजार आहेत. पश्चिमेला १८७० मध्ये चर्चगेटपर्यंत पोहोचलेला बी. बी. सी. आय. रेल्वेचा रूळ आणि त्यापलीकडे समुद्र. इंग्रज या भागाला ‘नेटिव्ह टाउन’ म्हणत. हा शब्द ध्यानात ठेवावा. पुढे पोस्टकार्डांच्या संदर्भात त्याचे काम पडेल.

गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या मुंबईत ट्राम नव्हती. रस्त्यावर बैलगाड्या, रेकले, शिग्रामे, बग्ग्या आणि पालख्या होत्या. सामान माणसाच्या डोक्यावरून किंवा खांद्यावरून जात होते. कॅमेरा मात्र ट्रामच्या वीस वर्षे आधीच शहरात आला होता. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना १८५४ मधली. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या हिंदी सभासदांपैकी एक. म्हणजे छायाचित्रणाची विद्या मुंबईत केवळ साहेबांच्या हाती होती, असे नव्हते.

तरीही त्या काळच्या शहराची रस्त्यावरील छायाचित्रे पाहिली की पहिला प्रश्न मनात येतो तो असा : माणसे गेली कुठे?

याचे उत्तर रसायनशास्त्रात आहे. १८५१ नंतर रूढ झालेल्या ओल्या कोलोडियनच्या पद्धतीत काचेवर द्रावण लावायचे, ते ओले असतानाच काच कॅमेऱ्यात घालायची, दृश्य टिपायचे आणि काच सुकण्याआधी अंधारात धुवायची, असा सारा खटाटोप काही मिनिटांत उरकावा लागे. छायाचित्रकार काळा तंबू बरोबर घेऊन हिंडे. काचेला पुरेसा प्रकाश मिळण्यासाठी भिंगाचे झाकण बहुधा काही सेकंद उघडे राही. तेवढ्या वेळात जो स्थिर राहिला तो काचेवर उमटला. जो चालत होता तो धुरकट झाला किंवा समूळ पुसला गेला.

म्हणून त्या छायाचित्रांत जू उतरवून ठेवलेली बैलगाडी दिसते, पण धावती बग्गी दिसत नाही. पारावर बसलेला माणूस दिसतो, पण पाटी घेऊन निघालेला हमाल दिसत नाही. रस्ता रिकामा दिसतो म्हणून तो रिकामा होता असे समजणे ही इतिहासाच्या अभ्यासकाची अगदी प्राथमिक, आणि तरीही वारंवार होणारी चूक आहे. वाहतूक म्हणजे हालचाल. आणि त्या काळच्या कॅमेऱ्याला नेमकी हालचालच दिसत नव्हती.

इथे जरा आडवाटेने जाऊन एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी जी पहिली आगगाडी धावली, तिचे म्हणून एक छायाचित्र दर एप्रिलमध्ये फिरते : कमानींच्या पुलावरून जाणारी गाडी, खाली पाणी. ते छायाचित्र ठाण्याजवळच्या पुलाचे आहे आणि १८५५ च्या सुमाराचे आहे. त्या उद्घाटनाचे नाही. गिरगावशी याचा संबंध असा की, या रेल्वेच्या उभारणीत ज्यांचा मोठा वाटा होता ते नाना शंकरशेट याच वस्तीतले, आणि त्यांचेच नाव पुढे गिरगाव रस्त्याला दिले गेले. छायाचित्र हवे असते आणि ते मिळत नाही, तेव्हा माणसे जवळचे दुसरे छायाचित्र उचलतात आणि त्यावर हवी ती तारीख लिहितात. वाहतुकीच्या इतिहासात हे फार घडते.

आता ट्राम.

मुंबईत घोड्यांची ट्राम आणण्याचा विचार १८६५ मध्येच झाला होता. पण शेअरबाजाराचा फुगा फुटला आणि तो बारगळला. शेवटी १८७३ मध्ये स्टर्न्स आणि किटरिज या कंपनीशी करार झाला आणि ९ मे १८७४ रोजी दोन मार्ग सुरू झाले. एक कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुनीला जाणारा. दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीवरून पायधुनीला जाणारा. भाडे तीन आणे होते आणि आरंभी तिकीट देण्याची पद्धतच नव्हती. एक किंवा दोन घोडे डबा ओढत. कंपनीच्या पागांत शेकडो घोडे होते.

काळबादेवीच्या त्या अरुंद रस्त्यावर ट्रामने केलेला सर्वांत मोठा बदल वाहनाचा नव्हता, रुळांचा होता. तोपर्यंत रस्त्याचा मध्य कोणाच्याच मालकीचा नव्हता. बैलगाडी, पालखी, वरात, प्रेतयात्रा, मोकाट गाय या सर्वांचा त्यावर सारखा हक्क होता. लोखंडाच्या दोन रेघा पडल्या आणि रस्त्याचा मध्य एका कंपनीच्या गाडीसाठी राखला गेला. बाकी सर्वांनी कडेला सरायचे. पुढच्या प्रत्येक छायाचित्रात ही व्यवस्था दिसते : मध्यभागी ट्राम, आणि चौकटीच्या कडांना बाकीचे जग.

१८८० च्या आसपास कोरड्या काचा बाजारात आल्या. आता तंबू नको, घाई नको. सेकंदाच्या अंशात दृश्य टिपता येऊ लागले. चालती ट्राम प्रथमच चालताना सापडू लागली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चित्रांची पोस्टकार्डे निघू लागली, आणि क्लिफ्टन अँड कंपनीसारख्या प्रकाशकांनी मुंबईचे रस्ते विकायला काढले. राजाबाई टॉवर, व्हिक्टोरिया टर्मिनस यांच्या जोडीला ‘नेटिव्ह टाउन’मधले रस्तेही होते. काळबादेवी रस्ता हा त्यांतला आवडता विषय.

ही पोस्टकार्डे बारकाईने पाहण्यासारखी आहेत. कॅमेरा बहुधा उंचावर, एखाद्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर ठेवलेला असतो. कारण उघड आहे : खाली गर्दीत तिकाटणे उभे करणे शक्य नव्हते, आणि ग्राहकाला गर्दीच हवी होती. ग्राहक म्हणजे बोटीने आलेला युरोपीय प्रवासी किंवा इथे नोकरीवर असलेला गोरा अधिकारी. त्याला घरी पाठवायला ‘पूर्वेकडील गजबजलेला बाजार’ हवा होता. पगड्या, लाकडी सज्जे, दुकानांच्या पाट्या आणि या सर्वांमधून वाट काढणारी ट्राम. पौर्वात्य गर्दीतून जाणारी पाश्चात्य शिस्त असा एक न लिहिलेला मजकूर त्या चित्रांत असतो.

पण एक गोष्ट या पोस्टकार्डांच्या बाजूने सांगितलीच पाहिजे. ही छायाचित्रे कोणत्याही समारंभाची नाहीत. मंगळवारी किंवा गुरुवारी, कोणत्याही सामान्य दिवशी, काळबादेवीवर काय चालले होते ते त्यांत आहे. परक्याच्या कुतूहलाने टिपलेला हा साधा दिवस घरच्या माणसांनी क्वचितच टिपला. हे मान्य करायला जरा जड जाते, पण ते खरे आहे.

रंगांवर मात्र विश्वास ठेवू नये. यांपैकी पुष्कळ पोस्टकार्डे जर्मनीत किंवा ऑस्ट्रियात छापली जात आणि रंग भरणाऱ्याने मुंबई पाहिलेली नसे. ट्रामचा डबा पोस्टकार्डावर लाल दिसतो किंवा हिरवा, एवढ्यावरून तो प्रत्यक्षात तसा होता असे म्हणता येत नाही. हीच खबरदारी आज संगणकाने रंगवलेल्या जुन्या छायाचित्रांबाबतही घ्यावी लागते. कारण तो संगणकही मुंबईत राहिलेला नाही.

तारखेविना हाती आलेल्या अशा छायाचित्राचा काळ ठरवायचा असेल, तर वाहनेच पहिली साक्ष देतात. रस्त्यात रूळ असतील तर ते छायाचित्र १८७४ नंतरचे. ट्रामपुढे घोडा असेल तर विसाव्या शतकाची पहिली काही वर्षे ही त्याची अखेरची मर्यादा. डोक्यावर विजेची तार आणि डब्यावर दांडा दिसला, तर ७ मे १९०७ नंतरचे. कारण विजेची ट्राम त्या दिवशी सुरू झाली. ट्राम दुमजली असेल तर १९२० च्या सप्टेंबरनंतरचे. बस दिसली तर १५ जुलै १९२६ नंतरचे, आणि ती बस दुमजली असेल तर १९३७ नंतरचे. ट्राम असूनही मालक मुंबई महापालिका असेल, म्हणजे डब्यावर तशी खूण असेल, तर ७ ऑगस्ट १९४७ नंतरचे. स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी ‘बेस्ट’ पालिकेच्या ताब्यात आली होती. दिव्याचा खांब गॅसचा आहे की विजेचा, हेही पाहावे. गॅसचे दिवे १८६५ मध्ये आले.

या सर्व खुणा उपयोगाच्या आहेत. तरी त्यांत एक खोच आहे. या साऱ्या तारखा उद्घाटनांच्या आहेत. एखादी गोष्ट सुरू कधी झाली ते नेमके सांगता येते, कारण त्या दिवशी समारंभ होता, पाहुणे होते आणि कॅमेरा होता. ती मध्ये कशी चालली हे मात्र छायाचित्रांत जवळजवळ नसतेच.

विसाव्या शतकाच्या मध्यावर ही स्थिती बदलायला हवी होती. कॅमेरे लहान झाले होते. १९०० मध्ये आलेल्या ब्राउनी कॅमेऱ्याने हौशी छायाचित्रकारांचे युग सुरू केले होते. मुंबईच्या दैनंदिन जीवनावर होमाई व्यारावालांसारख्या छायाचित्रकार काम करू लागल्या होत्या. आरंभी त्यांची छायाचित्रे पतीच्या नावाने प्रसिद्ध होत, हा आणखी वेगळा विषय. चित्रपटांचे कॅमेरेही स्टुडिओबाहेर पडू लागले होते. चेतन आनंद यांचा ‘टॅक्सी ड्रायव्हर’ १९५४ मध्ये मुंबईच्या खऱ्या रस्त्यांवर चित्रित झाला. आज पन्नाशीच्या दशकातली वाहती मुंबई पाहायची असेल, तर वृत्तपत्रांच्या कात्रणांपेक्षा अशा चित्रपटांच्या मागच्या पडद्याकडे पाहणे अधिक फलदायी ठरते. नायकाकडे नव्हे, त्याच्या पाठीमागून जाणाऱ्या गाडीकडे.

पण गिरगावच्या चाळीतल्या कुटुंबाच्या हाती कॅमेरा नव्हता. छायाचित्र काढायचे म्हणजे ठेवणीतले कपडे घालून स्टुडिओत जायचे. तिथे पाठीमागे रंगवलेला पडदा असे : कधी बाग, कधी राजवाड्याचा जिना, कधी पुठ्ठ्याची मोटार किंवा विमान. कित्येक घरांच्या आल्बमांत पुठ्ठ्याच्या मोटारीत ऐटीत बसलेला मुलगा सापडतो. तो मुलगा ज्या ट्रामने स्टुडिओत गेला असेल, ती ट्राम आल्बमात नसते. यात हसण्यासारखे काही नाही. जे रोज दारात होते त्याचे चित्र कोण काढणार? चित्र त्याचे काढायचे जे आपल्याकडे नाही.

पुढे भारतातच बनणारा आग्फा क्लिक-३ हा साधा कॅमेरा मध्यमवर्गीय घरांत आला. एका रोलमध्ये बारा छायाचित्रे. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचे ‘इंदू’ हे नाव १९६७ नंतर परिचयाचे झाले. बारा छायाचित्रांत एक मुंज, एक सहल आणि गौरी-गणपती बसवायचे असतील, तर ठाकूरद्वाराच्या नाक्यावर उगाच एक खर्चण्याची चैन कोणाला परवडत होती? शिवाय एव्हाना उशीर झाला होता. कॅमेरा चाळीत शिरला तेव्हा ट्राम रस्त्यावरून गेलेली होती.

ती गेली कशी, हा या साऱ्याचा मर्म असलेला भाग आहे. १९६४ च्या मार्चमध्ये ट्राम ‘बंद झाली’ असे आपण म्हणतो; वास्तविक ती अकरा वर्षे बंद होत होती. १९५३ पासून एकेक मार्ग मिटत गेला. ट्राम मंद होती, तोट्यात होती, रस्त्याचा मध्य अडवून होती. उतारूला चढण्या-उतरण्यासाठी मोटारींच्या वाहत्या प्रवाहातून रस्त्याच्या मधोमध जावे लागे. १८७४ मध्ये जी मधली जागा तिची प्रतिष्ठा होती, तीच आता तिच्यावरचा आरोप झाली. एक मार्ग बंद झाला की त्या जागी बस येई. वस्तीतल्या माणसाला एका सकाळी ट्रामऐवजी बस मिळे, एवढाच फरक. हार नाही, गर्दी नाही आणि छायाचित्रकारही नाही.

समारंभ झाला तो सर्वांत शेवटी उरलेल्या मार्गाचा. त्या मार्गात गिरगाव नव्हते. म्हणून शहराच्या स्मृतीत ट्रामचा मृत्युदिन ३१ मार्च १९६४ असा कोरला गेला, आणि प्रत्येक वस्तीने तो आपलाही समजून घेतला. गिरगावची ट्राम त्याआधीच मुकाट्याने गेली होती. तिचे रूळ कुठे उखडले गेले, कुठे डांबराखाली तसेच राहिले. काही वर्षांपूर्वी हुतात्मा चौकात फ्लोरा फाउंटनच्या परिसरात खोदकाम सुरू असताना असेच रूळ वर आले, तेव्हा ते पाहायला लोक थांबले आणि त्यांची छायाचित्रे निघाली. वापरात असताना त्याच रुळांकडे कोणी वळून पाहिले असेल, असे वाटत नाही.

ट्रॉलीबसचे तर याहून वाईट झाले. डोक्यावरच्या दोन तारांना दोन दांडे लावून रबरी चाकांवर धावणारी ही गाडी १९६२ मध्ये गिरगावच्या शेजारी गोवालिया टँकपासून माझगावकडे सुरू झाली आणि १९७१ मध्ये बंद पडली. नऊ वर्षे. ट्रामइतकी जुनी नाही, बसइतकी उपयोगी नाही, त्यामुळे तिच्याविषयी हळहळणारेही थोडेच. मुंबईत ट्रॉलीबस होती हे ऐकून आजची पिढी चकित होते. छायाचित्र आठवण जागवते असे म्हणतात. छायाचित्रे कमी असली की आठवण किती लवकर विरते, याचा हा नमुना.

याउलट व्हिक्टोरिया आणि काळी-पिवळी टॅक्सी. या दोहोंना कॅमेऱ्याने भरभरून दिले, पण त्यांचे जाणे ठरल्यानंतर. मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये घोड्यांच्या व्हिक्टोरिया बंद करण्याचा आदेश दिला आणि अचानक त्या चंदेरी गाड्या सर्वांना सुंदर दिसू लागल्या. घोड्यांची हालत सुंदर नव्हती, हे त्या आदेशाचेच कारण होते. छायाचित्रांत ते दिसत नाही. प्रीमियर पद्मिनीचेही तसेच. अखेरची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती आणि टॅक्सीचे वय वीस वर्षांहून अधिक असू नये हा नियम. म्हणजे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती जाणार, हे गणित आधीच मांडलेले होते. डगी वॉलेस या स्कॉटिश छायाचित्रकाराने २०१६ मध्ये ‘रोड वाला’ हे पुस्तक याच टॅक्सींवर काढले. त्यातली फ्लॅशच्या उजेडात चमकणारी टॅक्सीच्या आतली रंगीत कापडे, देवांच्या तसबिरी आणि घामाघूम चेहरे पाहिले की निदान एकाने तरी गाडीबरोबर गाडीवानाकडेही पाहिले, असे वाटते. बहुतेकांनी डाव्या बाजूला बाहेर बसवलेला तो लोखंडी मीटर तेवढा टिपला.

आज गिरगावात सर्वांत अधिक छायाचित्रे कोणत्या वाहनाची निघत असतील? उत्तर जरा गमतीचे आहे. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून, फेटा बांधून मोटारसायकल चालवणाऱ्या स्त्रियांची. तो दिवस देखणा असतो यात शंका नाही. पण पन्नास वर्षांनी केवळ छायाचित्रांवरून गिरगावच्या वाहतुकीचा इतिहास लिहू पाहणाऱ्याची काय फसगत होईल, याची कल्पना करावी.

आता चौकटीच्या कोपऱ्याकडे वळायला हवे.

काळबादेवीचे जुने पोस्टकार्ड घ्यावे, पन्नाशीच्या दशकातले वृत्तपत्रातले छायाचित्र घ्यावे किंवा या वर्षी मोबाइलवर काढलेले घ्यावे. मधले वाहन बदलते : घोड्याची ट्राम, विजेची ट्राम, बस, टॅक्सी, स्कूटर. पण डाव्या किंवा उजव्या कडेला, पुष्कळदा अर्धी कापली गेलेली, एक वस्तू वारंवार सापडते. दोन चाकांची लांब हातगाडी. तिच्यावर कापडाचे गठ्ठे, भांड्यांची खोकी किंवा लोखंडी नळ्या. पुढे दांड्याला छाती लावून ओढणारा एक माणूस, मागून ढकलणारा दुसरा.

या गाडीला ना मार्ग-क्रमांक, ना वेळापत्रक, ना ब्रेक. ‘बाजू, बाजू’ ही आरोळी हीच तिची घंटा. मंगळदास मार्केट, मुळजी जेठा मार्केट, लोहार चाळ, भुलेश्वर या बाजारांचा माल ट्रक उभा राहू शकेल अशा रस्त्यापासून दुकानाच्या फळीपर्यंत आणण्याचे काम ती करते. कारण गल्ली तिच्याच मापाची आहे. ट्राम आली तेव्हा ती कडेला सरली. बस आली तेव्हा आणखी सरली. वाहतूक पोलिसांच्या, नगररचनाकारांच्या आणि मोटारवाल्यांच्या तक्रारींत ती नेहमीच ‘अडथळा’ होती. वाहतूक या शब्दात तिची गणना करायलाच कोणी तयार नव्हते.

तिचे उद्घाटन कधी झाले नाही, म्हणून तिचे पहिल्या दिवसाचे छायाचित्र नाही. ती कोणत्याही आदेशाने एका दिवसात बंद झालेली नाही, म्हणून निरोपाचेही नाही. तिच्याकडे कॅमेरा मुद्दाम कोणी वळवला नाही म्हटले तरी चालेल. ती इतरांच्या छायाचित्रांत आगंतुकासारखी शिरली आहे. आणि तरीही या वस्तीतला प्रत्येक सामान्य दिवस, ज्याच्या शोधात हा थ्रेड निघाला, तो तिच्यातच जपला गेला आहे. तिच्यावरचा माल पाहिला तर बाजारात काय विकले जात होते ते कळते; ओढणाऱ्याच्या पायात वहाण आहे की नाही, अंगात सदरा आहे की नाही, यावरून बरेच काही कळते. पोस्टकार्डाच्या प्रकाशकाला जमले असते तर त्याने ती कापून टाकली असती. सुदैवाने भिंग रुंद होते.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी मेट्रो-३ च्या अखेरच्या टप्प्याचे उद्घाटन झाले आणि दुसऱ्या दिवसापासून काळबादेवी आणि गिरगाव ही दोन्ही स्थानके प्रवाशांना खुली झाली. आरेपासून कफ परेडपर्यंत साडेतेहतीस किलोमीटर, २७ स्थानके. गिरगाव आणि काळबादेवीत रस्ता इतका अरुंद आणि इमारती इतक्या जुन्या की, वरून मोठा खड्डा खणून स्थानक बांधणे शक्य नव्हते. जमिनीखाली टप्प्याटप्प्याने बोगदा पोखरून ती बांधावी लागली. तरीही काही जुन्या इमारती आणि चाळी पाडाव्या लागल्या. त्यांतल्या रहिवाशांचे पुनर्वसन, वर्षानुवर्षे रस्ता अडवून उभे राहिलेले पत्रे, घरांना बसणारे हादरे यांवरून या वस्तीत किती वाद झाले, ते त्या दशकातल्या वृत्तपत्रांत नोंदलेले आहे.

छायाचित्रणाच्या दृष्टीने त्या चाळींचे जाणे आणखी एका अर्थाने मोलाचे आहे. शंभर वर्षे या रस्त्याचे छायाचित्र चाळीच्या गॅलरीतून निघत आले. पोस्टकार्डवाल्याने तिथूनच काढले, विसर्जनाची मिरवणूक टिपणाऱ्यानेही तिथूनच काढली. पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरची ती लाकडी कठड्याची जागा रस्त्यापासून अगदी योग्य उंचीवर होती : माणसांचे चेहरे दिसतील इतकी खाली आणि गर्दीचा ओघ दिसेल इतकी वर. ती गेली की कॅमेऱ्याला उभे राहण्याची जागाच जाते. विसाव्या मजल्यावरून रस्ता दिसतो, पण हातगाडीवरचा माल ओळखू येत नाही.

आणि खुद्द मेट्रोचे काय? तिची छायाचित्रे पहिल्या दिवशी हजारोंनी निघाली. सरकते जिने, काचेची दारे, फलाटावरचे ‘काळबादेवी’ हे नाव. नाव झाकले तर ते स्थानक जगातल्या कोणत्याही शहरातले असू शकते. ट्रामच्या छायाचित्रात ट्रामबरोबर काळबादेवीही येत असे, कारण ट्राम काळबादेवीतून जात होती. मेट्रो काळबादेवीच्या खालून जाते. गिरगावच्या दीडशे वर्षांच्या इतिहासात वस्तीतले सर्वांत मोठे वाहन वस्तीच्या छायाचित्रात न दिसण्याची ही पहिलीच वेळ. २०२६ च्या काळबादेवी रस्त्याचे छायाचित्र पुढे कोणी अभ्यासायला घेतले, तर त्याला मेट्रोचा पुरावा म्हणून फक्त एक प्रवेशद्वार आणि त्यातून घड्याळ पाहत बाहेर पडणारी माणसे मिळतील.

त्या प्रवेशद्वाराच्या पुढ्यात, दुकाने उघडण्याच्या वेळी, कापडाचे गठ्ठे लादलेली हातगाडी अजून येते. बाहेर पडणारे प्रवासी क्षणभर थबकतात, ‘बाजू, बाजू’ ऐकून कडेला होतात आणि ती पुढे गेल्यावर रस्ता ओलांडतात. स्थानकाचे छायाचित्र काढणारा तेवढा वेळ मोबाइल खाली घेऊन तिच्या जाण्याची वाट पाहतो.